बांधकाम साइट आणि आगीचे जोखीम मूल्यांकन: उपठेकेदारांकडून नेमके काय लिहून घ्यायचे?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

थापी

चर्चेसाठी एक नमुना साइट धरू. पुण्याबाहेर २२ मजली निवासी इमारत, खाली दोन तळघरे, त्यांच्या वर पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा पसरट स्लॅब). १४व्या मजल्याचा स्लॅब भरला आहे. ६ ते १० मजल्यांवर ब्लॉकवर्क आणि प्लास्टर चालू, २ आणि ३ वर फिनिशिंग, त्यातच सॅम्पल फ्लॅट. पोडियमवर वॉटरप्रूफिंग. एका वेळी आठ-नऊ उपठेकेदार आत.

प्रत्येकाकडून फायर रिस्क असेसमेंट मागवले की सगळ्यांचे एकाच साच्यातले येते. पाच बाय पाचचा तक्ता (शक्यता गुणिले परिणाम), त्यात 'शॉर्ट सर्किट', 'वेल्डिंग', 'धूम्रपान'. उपाय: 'फायर एक्स्टिंग्विशर उपलब्ध करणे'. आधी जोखीम २०, उपायानंतर ४. कधीकधी तर मागच्या साइटचे नावसुद्धा तसेच राहिलेले असते.

मुख्य ठेकेदाराने हे परत पाठवायचे तर बदल्यात काय मागायचे? कायदा थोडक्यात चालेल, प्रत्यक्षातले तपशील जास्त हवेत.

ओळंबा

परत पाठवाच. त्या २० चे ४ होण्यातच गोम आहे. एक्स्टिंग्विशर भिंतीला टांगल्याने आग *लागण्याची* शक्यता तसूभरही कमी होत नाही. कमी झालाच तर परिणाम कमी होतो, तोही पहिल्या दोन मिनिटांत तिथे माणूस हजर असेल आणि त्याला पिन काढता येत असेल तर. ६ किलोचे एबीसी पावडर जेमतेम १५-२० सेकंदांत रिकामे होते. त्यामुळे 'शक्यता' हा आकडा कशाने उतरवला ते विचारा: ज्वलनशील माल हलवला, काम जमिनीवर नेले, कापायच्या ऐवजी बोल्ट लावला, असे काही असेल तरच तो उतरू द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ठेकेदार फक्त स्वतःच्या कामाचे लिहितो आणि आग लागते ती दोन ठेकेदारांच्या मधल्या जागेत. फॅब्रिकेटर पाचव्या मजल्यावर रेलिंग वेल्ड करतो. त्याच्या भोवती लोखंड आणि काँक्रीट, म्हणजे त्याच्या कागदावर धोका किरकोळ. ठिणगी शाफ्टमधून (मजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीतून) उतरते चौथ्यावर, जिथे प्लंबरने पीव्हीसी पाइपांचे गठ्ठे आणि एसी वाल्याने डक्टच्या इन्सुलेशनचे रोल ठेवलेत. त्या दोघांच्या कागदावर ठिणगीचा उल्लेख नाही, कारण ते वेल्डिंग करतच नाहीत. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि मजला पेटलेला.

म्हणून प्रत्येकाकडून तीनच प्रश्नांची उत्तरे घ्या, पण आकड्यांसकट. तुम्ही उष्णता कशाने निर्माण करणार (गॅस कटर, ग्राइंडर, टॉर्च, हीट गन, चार्जर)? जळणारे काय, किती किलो किंवा किती लिटर आणणार, आणि कुठल्या मजल्यावर ठेवणार? आणि तुमच्या कामामुळे काय उघडे पडणार किंवा बंद होणार (स्लीव्ह म्हणजे पाइपसाठी ठेवलेले भोक, शाफ्टचे झाकण, जिना, रायझरचे म्हणजे पाण्याच्या उभ्या पाइपचे व्हॉल्व्ह)? हे आठ कागद एकत्र करून मजलावार एकच तक्ता करणे हे मुख्य ठेकेदाराचे काम, ते उपठेकेदारावर ढकलता येत नाही. पुढच्या आठवड्याचे कामाचे वेळापत्रक ठरते त्याच बैठकीत हा तक्ता समोर ठेवा. एकाच उभ्या ओळीत वर ठिणगी आणि खाली इंधन आले की दोघांपैकी एकाची तारीख बदला.

पुण्याजवळ मांजरी येथे २१ जानेवारी २०२१ रोजी लसनिर्मिती संस्थेच्या आवारातल्या काम चालू असलेल्या इमारतीला आग लागून ५ कामगार गेले. प्राथमिक माहितीत वेल्डिंगकडेच बोट दाखवले गेले होते.

कानस

ओळंबांशी सहमत. हॉट वर्कबद्दल (ज्योत, ठिणगी किंवा उष्णता निघणाऱ्या कामाबद्दल) थोडे.

पहिला गैरसमज म्हणजे हॉट वर्क म्हणजे फक्त वेल्डिंग. ग्राइंडर आणि सळई कापायचा चॉप सॉ सुटून जातात. ग्राइंडरची ठिणगी बारीक असली तरी सुतारकामाच्या भुशात किंवा सुकलेल्या गोणपाटात पडली की लगेच ज्वाळा दिसत नाही. आत धुमसत राहते आणि माणसे जेवायला गेली की पेट घेते. क्युअरिंगचे (काँक्रीट ओले ठेवायचे) गोणपाट सात-दहा दिवसांनी पाणी बंद झाले की काडेपेटीच्या लायकीचे होते. ते कॉलमला गुंडाळलेलेच राहते, कारण काढायचे काम कोणाच्याच वर्क ऑर्डरमध्ये नसते.

परमिटमध्ये (हॉट वर्कच्या लेखी परवानगीत) हे हवे:

जागा अचूक लिहिलेली. 'टॉवर ए' चालणार नाही, 'टॉवर ए, ५ वा मजला, पूर्वेकडचा जिना' असे हवे. मुदत एका शिफ्टची. भोवतालचे ११ मीटर मोकळे, जे हलवता येत नाही त्यावर फायर ब्लँकेट. ताडपत्री नाही, ताडपत्री स्वतःच वितळून जळते. हे ११ मीटर म्हणजे अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी मानकातले ३५ फूट आहेत आणि ते सपाट जमिनीवरचे. उंचीवरून पडणारी ठिणगी आपटून उडते, म्हणून खालचे दोन मजले तरी बघायला हवेत. आपल्याकडे वेल्डिंग-कटिंगच्या आगप्रतिबंधासाठी आयएस ३०१६ हे भारतीय मानक आहे, ते कोणी उघडून बघत नाही.

जमिनीतली सगळी भोके बंद: स्लीव्ह, इलेक्ट्रिकल शाफ्ट, लिफ्टचा खड्डा. भोकावर प्लायचा तुकडा टाकला म्हणजे बंद केले असे नाही, तेही इंधनच. पत्रा टाका.

फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारा) वेगळा माणूस. वेल्डरचा हेल्पर नाही, कारण त्याचे दोन्ही हात इलेक्ट्रोड आणि केबलमध्ये असतात. काम संपल्यावर ६० मिनिटे तो तिथेच. एनएफपीएने २०१९ च्या आवृत्तीत ३० मिनिटांचे ६० केले ते उगीच नाही. पाचला सुट्टी होत असेल तर शेवटची ठिणगी चारला, हे परमिटवरच छापा.

गॅस सेटबद्दल: फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून उलटी जाऊ न देणारे साधन) रेग्युलेटरच्या आणि टॉर्चच्या अशा दोन्ही टोकांना. साइटवर बहुधा एकाच टोकाला असतो, किंवा प्रेशर कमी पडते म्हणून काढून खिशात ठेवलेला असतो. नळीला क्लँप हवा, बाइंडिंग वायरने आवळलेली नळी दिसली की सेट बाहेर. अ‍ॅसिटिलीन सिलिंडर उभेच वापरायचे. आडवे केले तर आतले अ‍ॅसिटोन नळीत येते. टॉर्चकडे जाणारे अ‍ॅसिटिलीनचे प्रेशर १ बारच्या वर न्यायचे नाही, त्यापुढे तो वायू स्वतःच विघटित होऊ शकतो. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीस अजिबात नको. आणि जेवणाच्या सुट्टीत टॉर्चची चावी बंद करून भागत नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून नळी रिकामी करायची.

गुनिया

सगळे बरोबर, पण दिवसाला चाळीस परमिटे निघाली की सेफ्टी ऑफिसर ऑफिसात बसून नुसत्या सह्या करतो आणि एकही जागा बघत नाही. सकाळी आठला कोऱ्या परमिटांचे पुस्तक सही करून मुकादमाच्या हातात, ही वस्तुस्थिती आहे.

उपाय: जमिनीवर एक कायम फॅब्रिकेशन यार्ड आखा. काँक्रीटचा कोबा, तिन्ही बाजूंना पत्रा, १५ मीटरच्या आत काहीही जळाऊ नाही, पाण्याचा नळ जवळ. तिथले परमिट आठवड्याचे. रेलिंग, ब्रॅकेट, पाइपचे सपोर्ट जितके तिथे होईल तितके तिथेच करा, वर फक्त जोडणी. मग मजल्यावरची परमिटे चार-सहावर येतात आणि ती खरोखर जाऊन बघता येतात.

शटरिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्यांचे) पण लिहा की. तेल पाजलेले प्लाय आणि बॅटन काढल्यावर मजल्यावर ढीग लागतो, पुढच्या स्लॅबला चढवायला वेळ लागतो. ढीग जिन्याच्या तोंडाशीच लागतो, कारण तिथेच उतरवायला सोपे. आमचा नियम: ढिगाची उंची दीड मीटर, दोन ढिगांत दोन मीटर वाट, जिन्यापासून आणि होइस्टच्या (बांधकामाच्या लिफ्टच्या) दारापासून पाच मीटर लांब. शटरिंग ऑइलचा ड्रम मजल्यावर एका दिवसापुरताच, बाकी खाली.

ओळंबा

यार्डची कल्पना +१. कोरे सही केलेले परमिट सापडले तर तो दिवस त्या उपठेकेदाराचे हॉट वर्क बंद, अशी अट करारातच घाला.

पाणसाळ

पाण्याबद्दल कोणी बोलले नाही. १५ मीटरच्या वरच्या इमारतीसाठी बांधकाम चालू असताना काय हवे ते राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आहे: किमान १०० मिमी व्यासाचा ड्राय रायझर (एरवी कोरडा असणारा उभा पाइप), झालेल्या प्रत्येक मजल्यावर हायड्रंटचे तोंड आणि खाली अग्निशमन गाडीला जोडायला इनलेट, प्रत्येक मजल्यावर २००० लिटर पाण्याचे ड्रम आणि दोन बादल्या, शिवाय किमान २०,००० लिटरची टाकी, जी बांधकामालाही वापरता येते.

१४व्या मजल्यावर पाणी न्यायचे तर साधारण ४२ मीटर चढ, म्हणजे ४.२ बार नुसते वर पोचायलाच. नोझलला ३.५ बार धरले तर पंपाला ८ बारच्या आसपास लागते, घर्षण धरून. क्युअरिंगचा एक-दोन अश्वशक्तीचा पंप हे देऊ शकत नाही. असेसमेंटमध्ये 'क्युअरिंग लाइन आगीसाठी वापरू' असे लिहिलेले असते, त्याखाली लाल रेघ मारा.

रायझर स्लॅबच्या मागे दोनच मजले राहू द्या. प्लंबिंगचा ठेकेदार 'सगळे एकदम करू' म्हणतो, कारण त्याला तसे स्वस्त पडते. रायझरची वेळ त्याच्या बिलाच्या टप्प्याला जोडल्याशिवाय तो हलत नाही.

ड्राय रायझरची खरी दुखणी दोन. एक, गनमेटलचे लँडिंग व्हॉल्व्ह आणि टोप्या भंगारात जातात. व्हॉल्व्हला साखळी-कुलूप लावून भागत नाही, कारण किल्ली रात्री कोणाकडे असते? होज आणि नोझल तळमजल्यावर गेटच्या केबिनमध्ये ठेवा, व्हॉल्व्ह वर, आणि दर सोमवारी मजल्यांवरून फिरून मोजदाद. दोन, प्लास्टरवाल्याने पाण्यासाठी सातव्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून तसाच सोडला तर गाडीने कितीही पाणी ढकलले तरी ते सातव्यावरच सांडणार. मोजदादीत 'बंद आहे' हा रकाना वेगळा ठेवा.

थापी

प्रत्येक मजल्यावर २००० लिटर म्हणजे दोन टन. नव्या स्लॅबवर चालेल?

पाणसाळ

एकत्र ठेवले तर नाही. २०० लिटरचा ड्रम भरला की खालच्या सुमारे पाव चौरस मीटरवर साडेसात किलोन्यूटन प्रति चौरस मीटरच्या आसपास भार येतो. घराच्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ प्रमाणे २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरच्या लाइव्ह लोडला धरलेला असतो. दहा ड्रम कोपऱ्यात चिकटवून ठेवू नका. दोन-दोन करून कॉलम आणि बीमजवळ वाटून ठेवा, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशावर जागा मार्क करून घ्या. खालचे टेकू निघालेले नाहीत किंवा काँक्रीटला पुरेशी ताकद आलेली नाही अशा मजल्यावर ठेवायचे नाहीत. वाटून ठेवल्याचा फायदा असा की पाणीही आगीच्या जवळ असते.

वायरमन

तात्पुरत्या विजेचे 'शॉर्ट सर्किट' या एका शब्दात आटोपतात. खरी कारणे वेगळी असतात.

२.५ चौरस मिमीच्या केबलवर ३२ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच). आधी १६ चा असतो, दोन कटर एकदम लावले की पडतो, मग कोणीतरी मोठा बसवतो. आता केबल तापते पण एमसीबी पडत नाही. म्हणजे एमसीबी उरला नावाला. डीबीच्या (वीज वाटपाच्या पेटीच्या) दारावर प्रत्येक सर्किटची केबल आणि एमसीबीचे रेटिंग रंगाने लिहा, दर आठवड्याला ताडून बघा.

केबल ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवून मशीन चालवणे. गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन मऊ होते. पूर्ण उलगडूनच वापरायची.

वेल्डिंगची रिटर्न वायर. ती कामाच्या तुकड्याला क्लँप न करता जवळच्या सळईला किंवा स्कॅफोल्डिंगला अडकवतात. १५०-२०० अँपियरचा करंट मग वाट मिळेल तिथून परत येतो, आणि जिथे संपर्क सैल तिथे तापतो. ती जागा वेल्डरपासून वीस मीटर लांब, नजरेआड असू शकते. फायर वॉचर वेल्डरकडे बघत बसतो आणि धूर दुसरीकडून येतो.

संरक्षण: माणसांसाठी शेवटच्या सर्किटला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आगीसाठी मुख्य बाजूला ३०० मिलिअँपियरची. सॉकेटमध्ये उघड्या तारा घालून वर काडी खुपसलेली दिसली तर तो बोर्ड त्याच क्षणी काढून घ्या. इंडस्ट्रियल प्लग नसलेले मशीन गेटवरच अडवा. रात्री दिवे आणि पाणी उपसायचे पंप सोडून बाकी पुरवठा मेन पॅनेलवरून बंद, आणि त्या पॅनेलजवळ ४.५ किलोचा कार्बन डायऑक्साइडवाला एक्स्टिंग्विशर.

आणखी एक: ड्रिल, लेझर लेव्हलच्या लिथियम बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला. सॅम्पल फ्लॅटच्या नव्या वॉर्डरोबमध्ये चार्जिंग स्टेशन सापडते! तळमजल्यावर एक जागा ठरवा, दिवसाच चार्जिंग.

थापी

उत्तम. आता पोडियमचे वॉटरप्रूफिंग (टॉर्चने तापवून चिकटवायची एपीपी, म्हणजे डांबरी शीट) आणि पाण्याच्या टाकीला एफआरपी (काचतंतू आणि रेझिनचे) लायनिंग. दोन्ही ठेकेदारांनी 'जोखीम: कमी' लिहिले आहे.

ओळंबा

दोन्हीकडे जोखीम जास्त आहे.

टॉर्च: पोडियमवरचे धोक्याचे ठिकाण म्हणजे एक्स्पान्शन जॉइंट (स्लॅबच्या दोन भागांत मुद्दाम ठेवलेली फट). त्यात थर्माकोल किंवा डांबर पाजलेला फायबर बोर्ड भरलेला असतो. ज्योत त्यावरून गेली की आत धुमसायला लागते आणि जॉइंट खाली तळघरापर्यंत गेलेला असतो. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर टॉर्च वर्ज्य, तिथे स्वतः चिकटणारी शीट वापरायला सांगा. ड्रेनच्या पीव्हीसी आउटलेटभोवतीही तसेच. तळघरात जॉइंटखाली एक माणूस उभा हवा.

एलपीजीचे सिलिंडर तळघरात किंवा उताराच्या तोंडाशी नको. हा वायू हवेपेक्षा जड, तो खाली जाऊन साठतो. १९ किलोच्या सिलिंडरमधून साधारण साडेनऊ घनमीटर वायू होतो आणि हवेत २ टक्क्यांच्या आसपास पोचला की पेट घेऊ शकतो. म्हणजे एक सिलिंडर गळले तर ४५०-५०० घनमीटर जागा धोक्यात: तीन मीटर उंचीचे दीडशे-एकशेसाठ चौरस मीटर तळघर. प्रत्यक्षात तो तळाशीच पसरतो, म्हणून गुडघाभर उंचीत त्याहून मोठी जागा. साठ्याबद्दल: गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय एलपीजी १०० किलोपर्यंत, म्हणजे १९ किलोची पाचच. वॉटरप्रूफिंगवाला तीन, फॅब्रिकेटर दोन, कँटीन दोन असे वेगवेगळ्या कागदांवर असले की बेरीज कोणी करत नाही. वरच्या मजलावार तक्त्याचा हा दुसरा उपयोग.

एफआरपी: रेझिनमधले स्टायरीन जड वाफ सोडते, टाकी बंदिस्त. तिथे हवा ओढणारा पंखा, आणि तो ठिणगी न देणारा. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, एक कोबाल्टची आणि एक एमईकेपी कॅटॅलिस्टची. या दोन एकमेकांत थेट मिसळल्या तर स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटायचे, मग कॅटॅलिस्ट. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या माणसांकडे. कॅटॅलिस्ट लागलेल्या चिंध्या आणि उरलेले मिश्रण कचऱ्याच्या पिशवीत टाकले की ते आपोआप तापते, ते पाण्याच्या बादलीत बुडवायचे. हे सहा-सात मुद्दे लिहून देता येत नसतील तर त्या माणसाने हे काम करू नये.

फिनिशिंगमध्ये हीच गोष्ट: सुतारांचा रबर अ‍ॅडेसिव्ह, पीयू पॉलिश, थिनर. धूळ बसू नये म्हणून ते खिडक्या बंद करून फवारतात आणि शेजारच्या खोलीत ग्राइंडर चालू. फ्लॅटमध्ये थिनर एका दिवसापुरता, जास्तीत जास्त ५ लिटर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पॉलिशच्या दिवशी त्या मजल्यावर एकही हॉट वर्क परमिट नाही.

गुनिया

इमारतीभोवती लावायच्या हिरव्या नेटचे काय? २६ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगच्या ताय पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या टॉवरांची आग नेट, बांबूचे स्कॅफोल्डिंग आणि खिडक्यांवर लावलेला फोम यांच्यावरून पसरत गेली, दीडशेहून जास्त माणसे गेली.

ओळंबा

तिथे लोक राहत होते, हा फरक मोठा. पण धडा लागू आहे. 'अग्निरोधक' असे छापलेले नेट घेताना चाचणीचा दाखला त्याच लॉटचा मागा, आणि एक तुकडा कापून जमिनीवर पेटवून बघा. ज्योत काढल्यावर विझले पाहिजे, जळते थेंब पडता कामा नयेत. ही काही प्रमाणित चाचणी नाही, पण भुक्कड माल लगेच कळतो. नेट सलग वरपासून खालपर्यंत न लावता मजल्यामजल्यांत तोडा.

कानस

लेबर कॅम्प धाग्यात आलाच नाही. पत्र्याच्या खोल्या, आतून प्लाय, इमर्शन रॉड, खासगीत भरून घेतलेले छोटे सिलिंडर. स्वयंपाक झोपायच्या खोलीबाहेर, वेगळ्या शेडमध्ये. दोन रांगांत ६ मीटर अंतर. आणि प्रत्येक खोलीचे दार बाहेर उघडणारे. कॅम्प उपठेकेदाराचा असला तरी प्लॉट तुमचा, हे लक्षात ठेवा.

थापी

कायदा आणि करार, दोन ओळींत?

ओळंबा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसुरक्षा अधिनियम २००६ मधला दर जानेवारी-जुलैचा 'फॉर्म बी' हा बसवलेली यंत्रणा चालू असल्याचा दाखला असतो. तो बांधकाम साइटच्या असेसमेंटची जागा घेत नाही. साइटसाठी बीओसीडब्ल्यूचे (इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याचे) केंद्रीय नियम १९९८: नियम ३५ मध्ये विझवण्याची साधने, पाणी आणि प्रशिक्षित माणसे, नियम ३६ मध्ये ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर आपत्कालीन योजना. राज्याचे स्वतःचे नियम २००७ चे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा नवीन करारात तिचा उल्लेख असू द्या.

करारात चार गोष्टी: असेसमेंट मंजूर होईपर्यंत माल गेटच्या आत नाही, फायर वॉचरची मजुरी वेगळी ओळ म्हणून दरपत्रकात (नाहीतर तो नेमला जातच नाही), राडारोडा आणि पॅकिंग रोज संध्याकाळी खाली, न उतरवल्यास मुख्य ठेकेदार उतरवून पैसे कापणार, आणि टप्पा बदलला की असेसमेंट नव्याने. टप्पा म्हणजे ब्लॉकवर्क सुरू, खिडक्या बसल्या, फिनिशिंगचा माल आला, लिफ्ट बसायला लागली. खिडक्या बसल्या की धूर बाहेर जायचा बंद होतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची छोटी सुरक्षा-बैठक) हिंदीत आणि गरज असेल तिथे बांगला किंवा ओडियात. 'आग लागली तर होइस्टने उतरू नका, जिन्याने उतरा' हे एक वाक्य तरी प्रत्येकाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. आणि वरच्या मजल्यापर्यंत तो जिना खरोखर झालेला असला पाहिजे. पायऱ्या मागाहून भरायच्या म्हणून शिडीवर काम भागवत असाल तर ते असेसमेंटमध्ये पहिल्या क्रमांकाला लिहा.

थापी

ड्रमांबद्दल एक शंका राहिली. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिका दंड करते. मग ड्रम रिकामे ठेवायचे?

पाणसाळ

रिकामे नाही. घट्ट झाकण आणि आठवड्याला एकदा रिकामे करून, घासून पुन्हा भरणे. काढलेले पाणी प्लास्टरच्या क्युअरिंगला वापरा, फुकट जात नाही. झाकणाला कुलूप नको, बादली झाकणावरच पालथी ठेवा. बादल्या गोल बुडाच्या घ्या, सपाट बुडाच्या दोन दिवसांत मसाला कालवायला जातात.